लाल लुगड्याची गाठ

सकाळी साडेसातला रुख्मिणी डोक्यावर युरियाचं रिकामं पोतं पांघरून, भिजत दारात आली आणि पावसाळ्यातला नेहमीचा प्रश्न तिनं विचारला.

"म्याडम, तांदूळ किती टाकू?"

शाळेची खिचडी रुख्मिणी शिजवायची. एकोणीस पोरांचा तांदूळ म्हणजे सगळी शाळा. अकरांचा म्हणजे ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची आठ पोरं घरी. भाग्यश्री गावातल्या त्या दोन खोल्यांच्या मराठी शाळेची मुख्याध्यापिका. तिला आकडा सांगावा लागे, आणि आकडा सांगितला की बाकीचं आपोआप ठरून जाई.

तिनं बाहेर पाहिलं. पहाटेपासून विजा पडत होत्या. कडुनिंबाची एक जाड फांदी अंगणात आडवी झाली होती आणि शेजाऱ्यांचा पत्रा वाऱ्यानं फडफडत होता. फोनवर नेटवर्क नव्हतं, त्यामुळे बोथच्या शिक्षण कार्यालयातून काही निरोप आला असला तरी तो तिच्यापर्यंत पोचणार नव्हता.

"काहीच टाकू नका," ती म्हणाली. "आज सुट्टी."

"वरून आलं काय?"

"नाही. मीच देते आहे."

"बेस केलं बाप्पा. पण पलीकडच्यायले कोण सांगन? फोन तर मेले. पोट्टे निघतीन ना आता." रुख्मिणी दारातच घुटमळली. तिची नजर कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीवर गेली. "लुगडं हाय ना तुमच्यापाशी?"

लुगडं होतं. अकरा महिने पेटीत घडी घालून होतं.

ते भाग्यश्रीच्या आईचं, मनकर्णाबाईचं. लाल, नऊवारी, जाड सुताचं. आई गेली त्या वर्षी बाबांनी ते शाळेच्या कामाला काढलं. बाबा म्हणजे चंपतगुरुजी. याच शाळेत त्यांनी एकतीस वर्षं शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यावरही पावसाळ्यातली एक ड्यूटी त्यांनी कुणाला दिली नव्हती. आभाळ फाटलं की ते सात वाजता ओढ्यावर जात. पाणी बघत, डोंगराकडचा रंग बघत, मग या काठावरच्या मोहाच्या फांदीला लुगडं बांधत. वस्ती चढावर होती, तिथून झाड स्पष्ट दिसे. लुगडं दिसलं तर निघायचं नाही, नाही दिसलं तर यायचं. इतका साधा कायदा. पोरं आनंदानं ओरडत, "मनकर्णाबाई लागली! मनकर्णाबाई लागली!" आणि पुन्हा गोधडीत शिरत. बाबांना ते ऐकून हसू येई. "तुही माय जितेपणी कोणाले सुट्टी देत नव्हती," ते म्हणत, "आता देऊन राह्यली."

भाग्यश्रीची बदली होऊन ती गावात आली तेव्हा तिला हे सगळं गोड वाटलं होतं. मुख्याध्यापिका झाल्यावर जरा कमी गोड वाटू लागलं. तिनं पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. सुट्टीचा निर्णय आता शाळा घेणार होती. पण आभाळ भरून आलं की बाबांच्या चपला दारात नसत.

मागच्या ऑगस्टमध्ये एके दिवशी शाळेला अधिकारी भेट देणार होते. कमी पटाच्या, बंद करायच्या शाळांची यादी निघाली होती आणि तिच्या शाळेचं नाव त्या यादीच्या तोंडाशी होतं. एकोणीसच्या एकोणीस डोकी वर्गात दिसली पाहिजेत, एवढंच तिच्या मनात होतं. बाबांना दोन दिवस बारीक ताप होता. कॉटवर बसूनच ते म्हणाले, "पोरी, वारं डोंगराकडून हाय. वर पडून राह्यलं असंल. सुट्टी दे."

"बाबा, इथं उघडलंय. तुम्ही रिटायर झालात. हेडमास्तर मी आहे."

"हाव," ते म्हणाले. "तू हाय."

तिनं ग्रुपवर लिहिलं, शाळा नियमित भरेल. नऊला वर्गात अकराच मुलं होती. तिला कळायचं ते कळलं. पंधरा मिनिटांची वाट ती तणतणत चालत गेली. मोहावर लुगडं लागलं होतं, पलीकडचा काठ रिकामा होता आणि बाबा जवळपास नव्हते. पाऊस थांबला होता. ओढ्यात पाणी गुडघ्याच्याही खाली. तिनं लुगडं सोडलं, पिळलं आणि पिशवीत कोंबलं. मग वस्तीवर फोन लावला, पोरांना पाठवा म्हणून, आणि कुणी उचलायच्या आत अधिकाऱ्यांची गाडी आली असेल म्हणून घाईघाईनं शाळेकडे वळली.

फोन कुणी घेतलाच नाही. पण चढावरून गयाबाईच्या नातीनं, आठ वर्षांच्या हर्षालीनं, झाड बघितलं. लुगडं नव्हतं. ती आणि आणखी दोघी दप्तरं घेऊन पळत आल्या आणि पाण्यात उतरल्या. वरच्या डोंगरात पडलेलं पाणी त्याच वेळी खाली आलं.

बाबा काठच्या गोठ्यात आडोशाला बसले होते. दोघी ओरडत मागे फिरल्या. हर्षाली मधल्या दगडाला धरून राहिली. बाबा कमरेएवढ्या पाण्यात गेले आणि तिला खांद्यावर घेऊन आले.

माणसं जमली. गयाबाई छाती बडवत आली. "गुरुजी, लुगडं काऊन नाई लावलं तुमी?"

"लावलं होतं," बाबा म्हणाले. "वाऱ्यानं नेलं."

संध्याकाळी भाग्यश्री घरी आली तेव्हा ते घोंगडी पांघरून कुडकुडत होते. तिच्या पिशवीकडे त्यांनी पाहिलं. "लुगडं दे," ते म्हणाले. "वाळत घालतो." त्या विषयावर ते तिच्याशी बोलले ते एवढंच. अंगणात वाळणारं लुगडं बघून गावाला वाटलं, वाऱ्यानं नेलेलं सापडलं. ताप छातीत उतरला. आदिलाबादच्या दवाखान्यात एकोणिसाव्या दिवशी ते गेले.

शोकसभेत गावातली चार माणसं बोलली. तुफानानं लुगडं नेलं पण गुरुजी उभे राहिले, असं एक जण म्हणाले आणि बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पांढऱ्या साडीत पुढच्या रांगेत बसून भाग्यश्रीनं ते ऐकलं. बाबा खोटं बोलत नसत. आयुष्यातलं बहुधा एकच खोटं त्यांनी तिच्यासाठी बोलून ठेवलं होतं आणि ती ते पांघरून बसली होती. पुस्तकांच्या कपाटासमोर ती कितीदा उभी राहिली. पुस्तकांनी तिला आजवर बऱ्याच गोष्टींतून काढलं होतं. यातून काढायचं त्यांच्यानं होईना.

आणि ते खोटं नुसतं पडून राहिलं नव्हतं. दोनच दिवसांपूर्वी गयाबाई शाळेत आली होती. "आमच्या आठी लेकरायचे दाखले काढून द्या, म्याडम. इंद्रवेल्लीले होस्टेलात टाकतो."

"का हो? काय झालं?"

"काय झालं म्हंता! लुगड्याचा भरवसाच नाई राह्यला. गुरुजीसारख्या माणसाची गाठ वाऱ्यानं सुटते, तर तुमची काय टिकन? फोन तुफानात चालत नाई. मंग जरा गडगडलं का मले शेतातलं निंदन सोडून ओढ्यावर यावं लागते. किती दिवस करू?"

भाग्यश्रीनं कोऱ्या दाखल्यांची वही पुढे ओढली. "सोमवारी या," ती म्हणाली. "दाखले लिहून ठेवते."

आज गुरुवार होता.

तिनं पेटी उघडली. लुगडं काखेत मारून, छत्री न घेता ती ओढ्याकडे निघाली. छत्री टिकलीच नसती. वाटेवर चिखल पिंडरीपर्यंत होता. दोनदा वीज इतकी जवळ कडाडली की ती जागच्या जागी खाली बसली. ओढा तांबडा होऊन दोन्ही काठ भरून चालला होता. मधला दगड दिसतच नव्हता.

मोहाच्या त्याच फांदीला तिनं लुगड्याचं टोक बांधलं. बाबा बैलाच्या दाव्याची गाठ मारत, दोन वेढे आणि आतून एक फास. लहानपणी त्यांनी ती तिला शिकवली होती.

पलीकडे गयाबाई आलीच होती, डोक्यावर प्लॅस्टिक, मागे पाच-सहा पोरं, पुढे हर्षाली.

"येऊ नका!" भाग्यश्री ओरडली. "सुट्टी! लुगडं लावलंय!"

"तुमी दिसून राह्यल्या म्हणून खरं!" गयाबाई तिकडून ओरडली. तिचा आवाज शेतात हाका मारून कमावलेला होता. "लुगड्याचं काय खरं हाय! तुमी गेल्या का वारं ते घेऊन जाईन! सोमवारी दाखले तेवढे द्या!"

पोरं भिजत उभी होती. मधून पाणी धडधडत होतं. ही गोष्ट हळू आवाजात, बाजूला घेऊन, समजावून सांगता येण्यासारखी नव्हती. सांगायची तर ओरडूनच सांगावी लागणार होती.

"गयाबाई! ते वाऱ्यानं नव्हतं नेलं!"

"काय नव्हतं?"

"मागच्या साली! लुगडं! गुरुजींची गाठ सुटली नव्हती! मी सोडली होती! मी!"

हर्षालीनं आजीच्या तोंडाकडे पाहिलं.

"साहेब येणार होते! पोरं पाहिजे होती मला! मी लुगडं काढून पिशवीत घातलं! बाबांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं!"

मग पलीकडून आलं, "माही नात गेली असती."

"हो!"

"गुरुजी गेले."

"हो!"

"अन् तुमी आता सांगून राह्यल्या."

यावरही होच म्हणायचं होतं. भाग्यश्रीनं नुसती मान हलवली. एवढ्या अंतरावरून ती गयाबाईला दिसली की नाही कोण जाणे. गयाबाईनं पोरांची दप्तरं पाठीवरून धरून एकेकाला फिरवलं. "चला रे घरी." चढावर दिसेनाशी होईपर्यंत तिनं मागे वळून पाहिलं नाही. हर्षालीनं पाहिलं, पण झाडाकडे.

दिवसभर वारं सुटलं होतं. शाळेच्या आवारातला झेंड्याचा पाइप वाकला. संध्याकाळी रुख्मिणी सांगत आली की लुगडं अजून तसंच हाय, चिंधी झाली पण सुटलं नाई. वस्तीवर सगळ्यांना कळलंय, हेही तिच्या चेहऱ्यावर होतं. जाताना ती रोजच्यासारखं "येतो म्याडम" म्हणाली नाही.

शुक्रवारी लख्ख ऊन पडलं. ओढ्यात पाणी उतरून घोट्यावर आलं होतं. भाग्यश्री साडेआठला तिथं पोचली, तर पलीकडे आठही पोरं ओळीत उभी. कुणी पाण्यात पाय घालत नव्हतं. मागे गयाबाई, हातात विळा.

"म्याडम, लुगडं काढा ना!" हर्षाली ओरडली. "आजी येऊ देत नाई! लागलेलं हाय म्हंते!"

भाग्यश्री गाठीला भिडली. सूत भिजून, आवळून दगडासारखं झालं होतं. नखं लावली, नख दुमडलं. फांदीवर ओठंगून तिनं दातांनी फास ओढून पाहिला.

"आता काऊन नाई सुटून राह्यली?" गयाबाई म्हणाली. आज तिला ओरडावं लागलं नाही. "तवा तर सुटली होती."

भाग्यश्रीचे हात थांबले. तेव्हाही सुटत नव्हती. तेव्हाही गाठ अशीच ओली होती आणि तिनं अशीच नखं लावली होती. चांगली पाच-सात मिनिटं. तेवढ्या वेळात कितीतरी विचार करता आला असता. वारं कुठून आहे ते बघता आलं असतं, गोठ्यात डोकावता आलं असतं. रागाच्या झटक्यात झालं, असं ती अकरा महिने स्वतःला सांगत आली होती. ते झटक्यात झालं नव्हतं.

"तेव्हाही लवकर सुटली नव्हती," ती म्हणाली.

गयाबाईनं ते ऐकलं. तिनं विळा या हातातून त्या हातात घेतला.

शेवटी फास सैल पडला. लुगडं खाली आलं आणि पोरं खळखळत पाण्यात शिरली, चपला हातात घेऊन, एकमेकांवर पाणी उडवत. गयाबाई पलीकडेच थांबली. हर्षाली या काठाला लागेपर्यंत तिनं तिच्यावरची नजर काढली नाही.

"दाखले..." भाग्यश्री म्हणाली.

"आभाळ अजून गेलं नाई," गयाबाई डोंगराकडे बघत म्हणाली. "उद्या-परवा पुन्हा पाणी येईन. बांधाले तुमी स्वता याल का?"

"येईन."

"अन् सोडाले?"

"मीच येईन. पाणी बघून."

"मंग मी जातो निंदाले." आणि ती खरंच गेली, वस्तीकडे नाही, शेताकडे.

पोरं शाळेच्या वाटेनं पुढे पळाली होती. भाग्यश्रीनं लुगडं पिळलं. नऊ वार सूत एकटीला पिळवत नाही, निम्मं पाणी आतच राहिलं. ते जड ओझं खांद्यावर टाकून ती मुलांच्या मागे चालू लागली. पाठ भिजत होती. घरी गेल्यावर 'दे, वाळत घालतो' म्हणणारं कोणी नव्हतं.