उजव्या हाताची बांगडी

अंधेरी पश्चिमेला, सात बंगल्याजवळच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी चाळीस माणसं डोळे मिटून बसली होती. पुढच्या टेबलावर मखमली कापड, कापडावर उदबत्ती आणि उदबत्तीमागे साबणाच्या वडीएवढं एक काळं यंत्र. त्यातून निघालेल्या वायरी प्रत्येकाच्या हेडफोनपर्यंत पोचल्या होत्या. कुणी मान डोलवत होतं, कुणी रुमालानं डोळे टिपत होतं. मी शेवटच्या रांगेत होते आणि माझे डोळे उघडे होते. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. सगळा वर्ग एकदम डोळे मिटून बसला की मला संशय येतो.

यंत्राचं नाव ‘नादबिंदू’. खिशात मावणारा, फक्त गाणी ऐकवणारा हाय-रिझोल्यूशन प्लेअर. किंमत पावणेदोन लाख. ते विकणाऱ्या तरुणाला सगळे ओजस सर म्हणत. पांढरा झब्बा, तुळतुळीत दाढी आणि बोलणं इतकं हळू, की माणसं आपोआप पुढे वाकत.

“तुमचा फोन काय देतो? गाण्याची हाडं,” ओजस सर म्हणाले. “नादबिंदू काय देतो? प्राण. चोवीस बिट, चोवीस बिट म्हणतात. म्हणजे काय? सृष्टीची चोवीस तत्त्वं.”

“वा,” पुढच्या रांगेतून विद्याधर म्हणाले. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी दिवाळीतच नादबिंदू घेतला होता आणि तेव्हापासून ते सरांचे बिनपगारी प्रचारक झाले होते.

बिट हे फक्त आवाज आकड्यांत साठवायचं माप आहे. माझ्या वर्गात हा चोवीस तत्त्वांचा हिशेब कुणी मांडला असता, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. पण मी कल्पितासाठी आले होते.

कल्पिता माझी विद्यार्थिनी, वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. तिचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. तिची आई कमल धवलारीण होती, म्हणजे लग्नाचे विधी चालू असताना धवले गाणारी. कल्पिता सहा वर्षांची असताना ती गेली. मागे राहिली एक कॅसेट, कुणाच्या तरी हळदीत साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेली. पोरीची एकच इच्छा होती: आपल्या लग्नात धवला आईनंच म्हणावा. कॅसेटवरचं गाणं तिनं फोनमध्ये उतरवून घेतलं होतं आणि ते ओजस सरांकडे पाठवलं होतं. नादबिंदूवर आई प्रत्यक्ष समोर येईल, असं सरांनी सांगितलं होतं. त्या बदल्यात कमलचा सोन्याचा हार मोडायचा ठरला होता. तो हार त्या क्षणी कल्पिताच्या आत्याच्या, सखुबाईंच्या पिशवीत होता आणि हॉलमधून त्या दोघी थेट सोनाराकडे जाणार होत्या.

“मी मूळ गाण्यात काहीही मिसळत नाही,” ओजस सरांनी जाहीर केलं. “यंत्र फक्त झाकलेलं उघडतं. आधी फोनवर ऐका.”

कमलचा आवाज आला. बारीक, जरा लांबून आल्यासारखा.

“आता नादबिंदूवर.”

आवाज जवळ आला. आणि त्यामागून काचेच्या बांगड्यांची स्पष्ट किणकिण ऐकू आली. हॉलभर एक सुस्कारा उमटला. कल्पितानं दोन्ही हातांनी हेडफोन दाबून धरले आणि ती रडू लागली.

“आईंच्या बांगड्या,” ओजस सर म्हणाले. “डाव्या कानात डाव्या हाताच्या, उजव्या कानात उजव्या हाताच्या. वीस-पंचवीस वर्षं त्या कॅसेटमध्ये कोंडल्या होत्या.”

सखुबाईंनी हेडफोन कानांवर नीट बसवले. मासळी बाजारात चाळीस वर्षं बसलेली बाई. पापलेट ताजं आहे असं सांगणाऱ्याचं ती ऐकत नाही, कल्ला उघडून बघते. तिनं गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि हेडफोन मांडीवर ठेवले.

“उजव्या कानान पन बांगऱ्या वाजतान,” ती म्हणाली. “काचेच्या.”

“हो ना, मावशी. किती स्पष्ट.”

“कमलच्या उजव्या हातान काचेची बांगरी आली कुठशी?”

ओजस सर हसले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. सखुबाईंनी आपले दोन्ही हात वर केले. डाव्या हातात हिरवा चुडा होता. उजव्या हातात नुसती चांदी.

“आमच्यान लग्नाचे दिशी उजव्या हाताच्या बांगऱ्या दर्याला देतान. दर्यान नवऱ्याला सांभालायचा म्हनून. मंग जलमभर त्या हातान काच नाय. कमलनं पन नाय घातली.”

हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. विद्याधर मदतीला धावले. “अहो, शेजारी दुसरी कुणी बाई बसली असेल.”

“अगदी बरोबर,” ओजस सर लगेच म्हणाले. “शेजारच्या बाईंच्या बांगड्यासुद्धा नादबिंदूनं पकडल्या.”

“शेजारी मीच बसलेली,” सखुबाई म्हणाली. “धवला दोघी म्हनतान. दुसरा आवाज माजाच हाय.”

मी उठले. टेपरेकॉर्डरला माइक एकच होता. एका माइकचं गाणं दोन्ही कानांत सारखंच पोचतं. मग डावा हात वेगळा आणि उजवा वेगळा केला कुणी? मी ओजस सरांना म्हटलं, “तुमच्या यंत्रातलं कार्ड जरा द्या. माझ्या फोनमध्ये घालून बघते.”

“यंत्र असं उघडत नाहीत, मॅडम. श्रद्धा नसेल तर नादबिंदू बोलत नाही.”

“तो श्रद्धेवर चालतो की चार्जिंगवर?”

“काढू द्या हो, सर,” विद्याधर म्हणाले. त्यांचा अजून पूर्ण विश्वास होता. “भीती कसली? दूध का दूध होऊन जाईल.” आणि त्यांनी स्वतःच कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

ते कार्ड मी माझ्या जुन्या फोनमध्ये घातलं आणि फोन त्याच वायरीला जोडला. बांगड्या वाजल्या. डाव्या कानात, उजव्या कानात, तशाच किणकिणल्या. मग माझं कार्ड नादबिंदूत घातलं. त्यावर कल्पितानं मला पाठवलेलं मूळ गाणं होतं. धवला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजला आणि पावणेदोन लाखांच्या यंत्राला एकही बांगडी सापडली नाही. बांगड्या यंत्रानं उघडल्या नव्हत्या. संगणकावर बसून त्या गाण्यात कुणीतरी भरल्या होत्या.

“पण आवाज जवळ आला होता,” विद्याधर हळूच म्हणाले. “ते तर मी माझ्या कानांनी ऐकलं.”

संशयापोटी शाळेतलं आवाज मोजायचं यंत्र मी सोबत आणलं होतं; ते पिशवीतून काढून हेडफोनला लावलं. ओजस सरांनी फोनचा आवाज नादबिंदूपेक्षा थोडासा खाली ठेवला होता. एवढासा, की तो कमी आहे हे कळत नाही, पण दुसरा जरा मोठा वाजला की तोच जास्त स्वच्छ वाटतो. कान सगळ्यांचे असेच असतात. त्यात विद्याधरांचा काही दोष नाही. मी दोन्हींचा आवाज सारखा केला, दोन्ही वस्तू टॉवेलखाली झाकल्या आणि विद्याधरांना म्हटलं, “मूळ गाणं दहा वेळा ऐकवते. कुठला फोन, कुठला नादबिंदू, सांगा.”

दहापैकी पाच बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढेच आले असते. विद्याधर टेबलापाशी गेले. मग ओजस सरांना म्हणाले, “मी चार जणांना हे घ्यायला लावलं, रे.”

“तुमचे कान अजून तयार नाहीत,” ओजस म्हणाला आणि वायरी गुंडाळायला लागला. पण दारात सखुबाई उभी होती, आणि विद्याधरांनी सांगितलेले ते चारही जण उठून तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले होते. त्या सगळ्यांना पैसे परत करायचं लेखी दिल्याशिवाय तो तिथून हलला नाही.

कल्पिता जागेवरच बसून होती. “मला तिचा श्वास ऐकू आला होता, बाई,” ती म्हणाली. “दुसऱ्या कडव्याच्या आधी. तोही खोटाच ना?”

मी मूळ गाणं तिच्याच फोनवर लावलं, आवाज दोन घरं वाढवला आणि हेडफोन तिच्या कानांवर ठेवले. दुसऱ्या कडव्याच्या आधी तिचा चेहरा बदलला.

“आहे,” ती म्हणाली.

“आहेच. तो तुझ्याजवळ पहिल्यापासून होता, गं.”

आठ दिवसांनी कल्पिताच्या लग्नात धवला मांडवातल्या साध्या स्पीकरवर वाजला, खरखरीसकट. कमलच्या आवाजाला सखुबाईंनी स्वतः जोड दिली. कॅसेटवरचा सखुबाईंचा कोवळा आवाज आणि आताचा फाटका आवाज एकदमच ऐकू येत होते. कल्पिताच्या गळ्यात तो हार होता. तिच्या उजव्या हातातल्या बांगड्या दर्यात गेल्या, तेव्हा मी सखुबाईंना तोंडावर सांगितलं, की नवऱ्याला दर्या सांभाळत नाही, चांगलं इंजिन आणि लाइफ जॅकेट सांभाळतं.

“म्हाईत हाय, बाय,” ती म्हणाली. “पन दर्या कोनाचा हार मागत नाय.”



आता तुम्हाला सांगते. असं यंत्र वाईटच असतं, असं मी म्हणत नाही. पैसे असतील, हातात धरायला आवडत असेल, तर खुशाल घ्या. चांगल्या हेडफोननं खरंच फरक पडतो, त्यावर आधी खर्च करा. पण जे गाण्यात भरलेलंच नाही, ते कुठलंही यंत्र काढून देऊ शकत नाही. कालवणात नसलेला बोंबील चांदीच्या वाटीत वाढला म्हणून ताटात येत नाही. आणि जो म्हणेल की डोळे मिटा, मग ऐकू येईल, त्याला सांगा: आवाज सारखा कर, टॉवेल टाक आणि दहा वेळा ऐकव. खरं असेल तर ते टॉवेलखालूनही ऐकू येईल. तो नाही म्हणाला, तर हार पिशवीतच ठेवा आणि घरी जा.