टाकीचं पाणी पंचवीस

भारंबे साहेबांच्या गणितात चूक नव्हती. चूक चुडामणच्या हातची होती, आणि ती साहेबांना माहीत नव्हती.

एक्क्याण्णव सालचा मे. जळगावच्या एमआयडीसीत रंगासाठी लागणारी पावडर बनवणारा एक लहान कारखाना. भडगावकडचा चुडामण तिथे बारा वर्षं मोठ्या भांड्यावर ऑपरेटर होता. शिक्षण नववी. काम असं, की भांड्यात माल ढवळत असतो, त्यात वरून थोडं थोडं तेजाब, म्हणजे ॲसिड, सोडायचं. तेजाब पडलं की माल तापतो. भांड्याला बाहेरून दुसरं आवरण असतं, त्याला जॅकेट म्हणतात. त्यातून पाणी फिरतं आणि ताप ओढून नेतं. माल पन्नास अंशांच्या आत राहिला तर ठीक. वर गेला की तो आपला आपणच तापत सुटतो आणि झाकण उडवून बाहेर येतो. चुडामणच्या जोडीदाराची, हिलालची, डाव्या हाताची कातडी अशीच गेली होती. तेव्हा तर बाहेर आलेला माल बादलीभरच होता.

जुन्या साहेबांच्या काळात याला कागद नव्हता. जॅकेटमधून बाहेर येणाऱ्या पाइपावर तळवा ठेवायचा आणि मनात दहा आकडे मोजायचे. हात टिकला तर तेजाब चालू. नाही टिकला तर व्हॉल्व्ह बंद आणि एक चहा. उन्हाळ्यात चहा जास्त व्हायचे, एवढंच.

भारंबे साहेब जानेवारीत आले. भुसावळचा माणूस, हुशार, मनाने सरळ. त्यांना हात नको होता, हिशेब हवा होता. त्यांनी भांड्याची वही मागवली. किलोभर तेजाबामागे उष्णता किती निघते, जॅकेटची भिंत तासाला किती उष्णता पार करते, सगळं मांडलं. माल पन्नास, पाणी पंचवीस, फरक पंचवीसचा. तेवढ्या फरकावर सगळं तेजाब दोन तासांत सोडता येतं, असं उत्तर आलं. कागद टाइप होऊन भिंतीवर लागला. आज अकराला त्या कागदाप्रमाणे पहिली बॅच लागायची होती.

दहा वाजता चुडामण जॅकेटला पाणी देणाऱ्या, पत्र्यावरच्या लोखंडी टाकीपाशी चढला आणि कोपरापर्यंत हात बुडवला. बाळंतिणीला आंघोळीला द्यावं तसं पाणी.

वहीतलं पंचवीस त्यानेच लिहिलेलं होतं. टाकीचा थर्मामीटर दोन वर्षांपूर्वी एका जानेवारीत फुटला. त्या दिवशीचा शेवटचा आकडा पंचवीस. नवा तीनदा मागितला, आला नाही. पण रकाना रिकामा दिसला की ऑफिसातून बोंब. म्हणून पाळी सुरू झाली की आधी आठ तासांच्या आठही घरांत पंचवीस लिहायचं, मग कामाला लागायचं. खाली साहेब लोक सही करायचे. रकाना भरलेला असला म्हणजे झालं; कशाने भरलाय ते कोण बघतो? या देशातले निम्मे कागद असेच भरलेत.

तो खाली आला आणि हिलालला म्हणाला, "मी साहेबांना सांगतो."

"काय सांगशी? आपण खोटं लिखं म्हणीसन?" हिलाल हबकला. "तुनी नोकरी जाई, भाऊ. बठ्ठा लिखतस, तू एकलाच नही. कागद त्यास्ना शे, उडनं भांडं तर त्यास्नं उडी."

"भांडं त्यांचं रे. त्याच्यापाशी उभं कोण राहतं?"

हिलालने डावा हात पाठीमागे घेतला.

साहेबांच्या खोलीत कूलर घरघरत होता.

"साहेब, दोन तासांत नका सोडायला लावू."

"का? गणित समजावून सांगू का?"

"गणित बरोबर असंल. पाणी खोटं आहे."

"म्हणजे? पाणी विहिरीचं आहे ना?"

"विहिरीतून निघतं तेव्हा विहिरीचंच असतं. मग दिवसभर पत्र्यावर तापतं. तुम्ही तर भुसावळचे, साहेब. इथलं ऊन तुम्हाला काय सांगायचं?"

साहेबांचे कान लाल झाले. "मग वहीत पंचवीस कोणी लिहिलं?"

"मी. थर्मामीटर फुटल्यापासून रोज."

"चुडामण भाऊ, खोट्या नोंदीवर नोकरी जाते, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणून तर दोन वर्षं बोललो नाही."

साहेब उठले. लॅबमधला थर्मामीटर घेऊन स्वतः टाकीवर चढले. अडतीस. तिथेच उन्हात उकिडवे बसून त्यांनी सिगारेटच्या पाकिटावर मांडलं. "फरक बाराचाच राहतो. निम्म्याहूनही कमी. म्हणजे उष्णता निम्म्याहून कमी जाणार. चार तास दहा मिनिटं."

"दुपारी पाणी अजून तापंल."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. "चाळीस धरू?"

"धरा."

"फरक दहाचा. पाच तास."

ते खाली आले, भिंतीवरचा कागद काढला आणि थर्मामीटर चुडामणच्या हातात दिला.

अकराला तेजाब सुरू झालं. माल सेहेचाळीसवर गेला, अठ्ठेचाळीसपर्यंत चढला आणि तिथेच राहिला. चुडामण दर तासाला टाकीवर चढत होता, आकडा लिहीत होता. पाइपावर तळवाही ठेवत होता. सवय.

तीनला क्लार्क मेमो घेऊन आला. खोट्या नोंदींबद्दल उद्यापासून तीन दिवस कामावरून बंद. मेमोतला शब्द न् शब्द खरा होता, म्हणून चुडामणने सही केली. त्याच नोंदींखाली दोन वर्षांच्या साहेबी सह्या होत्या. त्या सह्यांना मेमो नव्हता.

थोड्या वेळाने भारंबे साहेब भांड्यापाशी आले. "चार महिन्यांच्या सह्या माझ्या आहेत. मी तसं वर लिहून दिलंय."

"त्याने काय होईल?"

"काही नाही."

"मग झालं," चुडामण म्हणाला. त्याला राग नव्हता. आपली नोकरी राहिली होती, आणि हिलाल दोन्ही हातांनी व्हॉल्व्ह धरून होता.

चारच्या पाळीला पहूरचा रुपचंद आला. तेजाबाचा शेवटचा लिटर उरला होता. रुपचंदने डबा खुंटीला अडकवला, वही ओढली, पेनाचं टोपण दातांनी काढलं.

"भाऊ, पाणी पंचवीसच ना?"

चुडामणने खिशातून थर्मामीटर काढून त्याच्यापुढे धरला. "चढ वर."

"एवढ्या उन्हात?"

"उन्हातच."

रुपचंद पुटपुटत शिडी चढला. चुडामण खाली पेन घेऊन उभा राहिला. बऱ्याच वेळाने वरून आवाज आला, "एकोणचाळीस!"

"नीट बघ."

"एकोणचाळीसच आहे, भाऊ!"

चुडामणने लिहिलं.