नऊ पायऱ्या

सकाळपासून ग्रंथपाल खुर्चीवर चार वेळा बसले आणि पाच वेळा उठले. हे गणित कसं जुळलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

समोर अनुदान समितीचं पत्र होतं. ज्यांना वाचनालयात सहज येता येत नाही, त्यांच्यासाठी काही करायचं असेल तर ही समिती पैसे देई. ग्रंथपालांनी दाराशी उतार बांधायला आणि कपाटांमधली वाट रुंद करायला अर्ज केला होता. समितीनं उलट विचारलं होतं: सहा वर्षांपूर्वीच्या अर्जात अपंग वाचकांची सोय 'पूर्ण' असल्याचं आपणच लिहिलं आहे. मग उतार कशासाठी? खुलासा आज पाचपर्यंत.

लिहिलं होतं खरं. तेव्हा मुलांच्या विभागाला पुस्तकं हवी होती, आणि त्या रकान्यात 'नाही' लिहिलं की अर्ज बाद, असं कुणीतरी कानात सांगितलं होतं. मन खाऊ लागलं तेव्हा त्यांनी स्वतःची समजूत घातली. समोरच्या गल्लीत कपडे शिवणाऱ्या ताई दर गुरुवारी चाकाच्या खुर्चीवरून येतात, आपण पुस्तकं घेऊन खाली जातो, त्या नेतात. ही सोय नाही तर काय?

वाचनालयाच्या अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, जुनी मढी उकरू नका, सोय आहे ती वाढवायची आहे असं गुळमुळीत लिहून टाका. खोटं कबूल केलंत तर हे अनुदान जाईलच, पुढचीही दारं बंद होतील. बोलणं काही चुकीचं नव्हतं. ग्रंथपालांनी तसं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. खाई त्याला खवखवे.

समितीनं आणखी एक विचारलं होतं: प्रवेशाशी पायऱ्या किती? सत्तावीस वर्षं चढउतर करूनही आकडा आठवेना. मोजायला म्हणून ते खाली निघाले. गुरुवारच होता. मांडीवर परतीची पुस्तकं घेऊन ताई फुटपाथवर थांबल्या होत्या. त्यांना पाहिलं आणि मोजणी चुकली. ग्रंथपाल पुन्हा वर वळले.

"काय हरवलं, भाऊ?"

"पायऱ्या मोजतोय."

"नऊ आहेत. मधली फुटलीय. इथं बसून बसून पाठ झाल्यात मला."

मग ग्रंथपालांना राहवेना. बुटांच्या टोकांकडे बघत त्यांनी सगळं सांगून टाकलं, अध्यक्षांच्या सल्ल्यासकट. ताई रागावतील असं वाटलं होतं. त्या मांडीवरच्या पुस्तकाचं कव्हर नीट करत राहिल्या.

"पुस्तकं चांगली आणता हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं वाचतेय. पण घास भरवल्यासारखी आणता. मला एकदा आत नुसतं फिरायचंय. चार उघडायची, नाक मुरडायचं आणि काही न घेता निघायचं."

"कधी बोलला नाहीत ते?"

"इतक्या हौसेनं आणता. कुठल्या तोंडानं बोलू?"

हे मात्र वर्मी लागलं. त्या निवडीचाच तर त्यांना मनातून अभिमान होता. ताईंना थांबायला सांगून ते वर गेले. साडेचार झाले होते. त्यांनी लिहिलं: 'मागच्या अर्जातलं विधान खोटं होतं आणि ते मी लिहिलं होतं. सोय अशी आहे की वाचक रस्त्यावर थांबते आणि पुस्तक मी निवडतो. पायऱ्या नऊ.' पाठवायचं बटण दाबलं. अनुदान गेलं तर ताईंना काय सांगायचं?

आता खाली पुस्तक न्यायचं होतं. सवयीनं हात एका कपाटाकडे गेला आणि थबकला. त्यांनी या कपाटातून चार, त्या कपाटातून पाच, मिळतील तशी उचलली आणि हनुवटीनं ढीग दाबून धरत उतरू लागले. फुटकी पायरी पायानं चाचपून घेतली.

वरचं पुस्तक ताईंनी उघडलं, दोन पानं वाचली आणि नाक मुरडलं. दुसऱ्यावरही.

वर फोन वाजत होता. अध्यक्षांचा असणार. ग्रंथपालांनी नको झालेली पुस्तकं काखोटीला मारली आणि दुसरी आणायला पायऱ्या चढू लागले.