एका माणसापुरतं

वडील आरशासमोर उभे राहून सदऱ्याचं वरचं बटण लावत होते, आणि ते काही केल्या काजात शिरत नव्हतं. मुलगी दारातच थांबली होती. आत आली की बसावं लागेल, बसली की बोलत राहावं लागेल, आणि कचेरीला उशीर होईल. संध्याकाळच्या सभेला तुम्ही नाही आलात तरी चालेल, एवढंच सांगायला ती वाट वाकडी करून आली होती.

"चालेल, का येऊच नको?" वडिलांनी आरशातूनच विचारलं.

"तुम्हाला उगाच त्रास, म्हणून म्हटलं."

"त्रास कसला? डाळीच्या एका पाकिटासाठी दोन बस बदलतो, तेव्हा कुठे काय होतं मला?"

तिने पुढे होऊन बटण लावून दिलं. त्यांच्या गळ्याची कातडी सैल झाली होती आणि साबणाचा वास येत होता. "आभारी आहे, कारकूनबाई," ते म्हणाले. नगरपालिकेत नोकरी लागल्यापासून ते तिला याच नावाने हाक मारत.

कॉलेजच्या आधाराने वाढलेलं गाव ते. मुलं येत, तीन-चार वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढून निघून जात. भर चौकात एका कागदाच्या शंभर प्रती पाच मिनिटांत मिळतील, पण एक कांदा मिळायचा नाही, असं वडील म्हणत, आणि ते खरंच होतं. चौकातलं एकुलतं एक किराणा दुकान मालकाच्या मुलांनी विकून टाकलं, त्याला नऊ वर्षं झाली होती. त्या दुकानात वडिलांनी चाळीस वर्षं पुड्या बांधल्या. दोरा नाही, खळ नाही, नुसत्या कागदाच्या घड्या. पण उलटी धरली तरी त्यांची पुडी सुटत नसे. कॉलेजची मुलं त्यांना पुडीमामा म्हणत. एक अंडं, मूठभर तांदूळ, दोन चमचे चहा, मागेल ते मागेल तेवढं देत. मुलगी त्याच कॉलेजात शिकत असताना मैत्रिणींना घेऊन मागच्या गल्लीने जायची. तो रस्ता लांबचा होता, हे मैत्रिणींच्या कधी लक्षात आलं नाही. वडिलांच्या आलं असावं. ते कधी बोलले नाहीत.

आता चौकातल्या जुन्या टपाल कचेरीच्या जागेत नगरपालिका स्वस्त किराणा दुकान काढणार होती. नागरिकांनी सूचना मांडाव्यात म्हणून सभा बोलावली होती आणि सभेचं इतिवृत्त लिहिण्याचं काम नेहमीप्रमाणे तिच्याकडे होतं. आठ वर्षं ती ते करत होती. ठरलं ते लिहायचं, नुसतं बोललं गेलं ते सोडून द्यायचं, हा तिच्या वरिष्ठांनी पहिल्याच दिवशी घालून दिलेला धडा तिने कधी मोडला नव्हता.

सभागृह निम्मं भरलं होतं. बराच वेळ गाड्या कुठे लावायच्या यावरच काथ्याकूट झाला. मग मागच्या रांगेत वडील उठले.

त्यांनी आधी सगळ्यांना नमस्कार केला, मग घसा खाकरला, आणि तिने मान खाली घातली. दुकान स्वस्त करताय ते उत्तम, ते म्हणाले, पण स्वस्त म्हणजे मोठं पाकीट असं धरून चालू नका. गावाबाहेर बायपासच्या दुकानात माल स्वस्तच आहे. पण किलोचं पाकीट घरी नेलं, की निम्म्यात किडे होतात.

"एकट्या माणसाचं पाकीट संपत नाही हो," ते म्हणाले. "या गावात एकटी माणसं फार. शिकायला आलेली पोरं एकटी, मागे राहिलेले म्हातारे एकटे. सुटं द्या. एका माणसापुरतं मागायला कुणाला लाज वाटू नये, असं दुकान काढा."

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण कागदात सुटं कसं बांधतात ते दाखवायचा त्यांना मोह झाला. त्यांनी हातातली विषयपत्रिका फाडली आणि बोलता बोलता तिची पुडी वळायला घेतली. चाळीस वर्षांत न चुकलेली घडी त्या दिवशी चुकली. त्यांनी ती उलगडून पुन्हा वळली. कुणीतरी मागून म्हणालं, "आजोबा, पुडी झाली, दाणे कुठायत?" सभागृह हसलं. त्या हसण्यात वाईट हेतू नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. बाई स्वभावाने चांगल्या होत्या. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "आजोबांबरोबर कोणी आलंय का?"

मुलीच्या हातात पेन होतं. व्यासपीठाच्या कडेला, सगळ्यांना दिसेल अशा जागी तिची खुर्ची होती. वडिलांची नजर रांगांवरून फिरत आली, तिच्यापाशी क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

"नाही हो," ते म्हणाले. "एकटाच आलोय."

आणि अर्धवट वळलेली पुडी खिशात घालून ते खाली बसले. मुलीने पुढच्या ओळीवर लिहिलं: वाहनतळाच्या जागेबाबत अहवाल मागवावा असे ठरले.

सभा संपल्यावर ते फाटकाशी उभे होते. ती फायली पोटाशी धरून बाहेर आली आणि अजून काम उरकायचंय म्हणाली. ते म्हणाले, बरं. मग म्हणाले, "अर्धा पाव ठेवतोय तुला. रविवारी ये." त्यांना अख्खा पाव संपत नसे आणि तिलाही नसे. नदीपलीकडच्या खोलीत ती एकटी राहत होती. दर रविवारी ती येऊन अर्धा पाव घेऊन जाई. बापलेकीत त्याहून जास्त देणंघेणं उरलं नव्हतं.

शनिवारी सकाळी शेजारीणबाईंचा फोन आला. त्यांनी दार ठोठावलं होतं, ते उघडलं गेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, कळलंसुद्धा नसेल.

पुढचं सगळं जसं उरकायचं असतं तसं उरकलं. आठ दिवसांनी ती त्यांची खोली आवरायला बसली. फळीवर बायपासच्या दुकानाच्या पाकिटांतली डाळ आणि तांदूळ त्यांनी पुड्यांमध्ये वाटून ठेवले होते. प्रत्येक पुडीवर पेन्सिलीने वार लिहिला होता. सोम, मंगळ, बुध. पुड्या सगळ्या सारख्या, एका माणसापुरत्या. फक्त रविवारची जाड होती. तिने ती हातात घेऊन वजन पाहिलं. दोन माणसांचं होतं. ती दर रविवारी दारातूनच पाव घेऊन परत फिरत असे. जेवायला थांबली, असा रविवार तिला आठवेना.

तिने पुडी उलटी धरली. ती सुटली नाही.

पुढची सभा महिन्याने झाली. पहिला विषय नेहमीचाच, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. तिने उभं राहून ते वाचलं. दोन पानं, आवाज सरळ. वाचून झाल्यावर अध्यक्षबाईंनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "काही दुरुस्ती? नसेल तर कायम करू." कुणी कधी दुरुस्ती सुचवत नसे. बाईंनी सहीसाठी पेन उघडलंसुद्धा.

"एक आहे," मुलगी म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. लिहिणारीनेच दुरुस्ती सुचवायची, असं आजवर घडलं नव्हतं. वरिष्ठांनी खुणेने तिला बस म्हणून सांगितलं. ती बसली नाही. एका नागरिकाची सूचना लिहायची राहून गेली आहे, ती म्हणाली, आणि कागद न पाहता तिने ती सांगितली. एकट्या माणसाचं पाकीट संपत नाही. सुटं द्यावं. एका माणसापुरतं मागायला कुणाला लाज वाटू नये.

सभागृहात कुणी हसलं नाही. बाईंनी मान डोलावली. "हो, हो. ते पुडीवाले आजोबा. आठवलं. घ्या ना, जरूर घ्या." त्यांनी पेन पुन्हा कागदाला टेकवलं. "नाव काय घालायचं?"

मुलीने नाव सांगितलं. बाई ते लिहून घेऊ लागल्या आणि आडनावाशी थबकल्या. त्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं," मुलगी म्हणाली, "आजोबांबरोबर कोणी आलंय का म्हणून."

तिने टेबलाची कड धरली होती.

"मी होते. मी त्यांची मुलगी."