चार वाजताची काडी

भिमाबाईनं टाकी दुसऱ्यांदा धुतली, तरी मशीननं तिला नापासच केलं.

मशीन कसलं, टीव्हीच्या रिमोटपेक्षा जरा जाड, मुठीत धरायचं डबडं ते. पुण्याच्या एका आइस्क्रीमवाल्या कंपनीनं श्रावणात काष्टीच्या डेअरीला पाठवलेलं. दूध आम्ही घेऊ, पण टाकी धुतली की रोज दोन वेळा याला विचारायचं, ही त्यांची अट. कापूस लावलेली काडी टाकीच्या आतल्या कडेवरून फिरवायची, औषधाच्या नळीत बुडवायची, नळी मशीनच्या पोटात घालून झाकण लावायचं. टाकीत दुधाचा नाहीतर जंतूंचा अंश राहिला असला की नळीत काजव्यासारखा उजेड पडतो. माणसाच्या डोळ्याला तो दिसत नाही, मशीनला दिसतो. जेवढा उजेड तेवढा आकडा. तीसच्या आत पास, वर गेला की नापास. डेअरीतल्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव ‘मास्तर’ ठेवून टाकलं.

“किती म्हनतोय?” भिमाबाईनं पदराला हात पुसत विचारलं.

“दोनशे शहाऐंशी,” यशोधरा म्हणाली.

“मघाशी?”

“मघाशी तीनशे दहा.”

“म्हंजी चोवीसनं सुधारले,” भिमाबाई म्हणाली आणि हसली. पण ते हसू ओठांच्या पुढं गेलं नाही.

यशोधरा प्रयोगशाळेतली. बी.एस्सी. करून दोन वर्षं झाली होती, रोज श्रीगोंद्याहून एस.टी.नं यायची. मास्तर तिच्या ताब्यात होता, म्हणजे किल्ली राधाकृष्ण साहेबांकडं आणि जबाबदारी हिच्याकडं. साहेब म्हणजे डेअरीचे मॅनेजर. मशीन त्यांच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात, देवीच्या फोटोखाली ठेवलेलं असायचं.

भिमाबाईनं अकरा वर्षं या डेअरीचं आवार झाडलं होतं. गेल्या साली रंगुबाई म्हातारपणामुळं घरी बसल्या तेव्हा दूध ओतायच्या टाकीवर माणूस हवं झालं आणि साहेबांनी हिला घेतलं. तिच्या वस्तीतल्या कुणाचा हात टाकीला लागायची ती पहिलीच खेप. कुणी तोंडावर बोललं नाही. दोघातिघांनी तेवढं आठ दिवस दूध पलीकडच्या डेअरीला घातलं, मग तिथली रांग बघून गुमान परत आले. पहाटेची टाकी छबूबाई धुवायची, दुपारची भिमाबाई. टाकी तीच, सोडा तोच, ब्रशही तोच.

श्रावणापासून दसऱ्यापर्यंत दोघी रोज पास. भिमाबाईचा आकडा तर कधीकधी चारसुद्धा यायचा. मग दसरा आला, तीन दिवस काडी बंद होती. सोमवारी मशीन पुन्हा बाहेर काढलं आणि तेव्हापासून पहाटे छबूबाई पास, दुपारी चारला भिमाबाई नापास. आज मंगळवार. एका नावावर लागोपाठ तीन दिवस नापास आले की त्या माणसाला टाकीवरून हलवायचं, असं कंपनीनं लिहूनच दिलं होतं. भिमाबाईचे दोन झाले होते.

“मावशी, उद्या मी येईपर्यंत टाकी धुवू नका,” यशोधरा हळूच म्हणाली. “मी समोर उभी राहते.”

“उभी ऱ्हा की. पर तू उभी ऱ्हायलीस तर आनिक बोलत्याल. दोघी एकाच आळीच्या म्हनून.”

हे खरं होतं. यशोधराला चारचौघांत भिमाबाई ‘म्याडम’ म्हणायची आणि एकटीला ‘पोरी’. सकाळचा जय भीमसुद्धा दोघी नळाशी, पाण्याच्या आवाजात उरकायच्या.

बुधवारी सकाळी यशोधरानं पुण्याला फोन लावला. कंपनीचा इंजिनिअर गोड बोलला.

“सेल बदलले?”

“बदलले.”

“काड्या फ्रीजमधून काढल्या काढल्या वापरता का? थोडा वेळ बाहेर ठेवायच्या.”

“ठेवते. घड्याळ लावून.”

“मशीन आडवं धरता का? उभं धरायचं.”

“उभंच धरते, साहेब.”

“मग रिकामं चालवून बघा. आत काही नसताना शून्य यायला पाहिजे.”

ते तर ती रोज सकाळी केबिनमध्ये, कपाटासमोरच करून बघत होती. तेव्हाही फोन धरूनच तिनं केलं. शून्य.

“झालं तर मग!” इंजिनिअरचा जीव भांड्यात पडला. “मशीन उत्तम आहे. तुमची टाकीच घाण आहे. आणि मॅडम, उघडून बघू नका हं, सील तुटलं तर आमची जबाबदारी नाही. दिवाळीनंतर मी येतोच आहे.”

राधाकृष्ण साहेबांनी समोर बसून सगळं ऐकलं होतं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

“यशोधराबाई, मला काय हौस आहे का? पण मशीनला जात ना पात. ते काय कुणावर खार खातंय?”

“साहेब, दसऱ्याआधी त्याच बाईचा आकडा चार होता.”

“माणूस सुस्तावतो कधीकधी.”

बाहेर कॅनच्या राशीपाशी चहा चालला होता, तिथं कारण आधीच सापडलं होतं. छबूबाई बशीत चहा ओतत म्हणाली, “मी सांगू का? समद्यांनी पूजा केली मास्तरची, ही तेवढी नव्हती. नागपूरला गेल्ती. मास्तर रुसला.”

“मास्तर परदेसातला हाय, त्याला काय ठावं आपली खंडेनवमी?” बन्सी वॉचमन म्हणाला.

“रेशनकार्डावर नाव चढलं की झाला इथला,” छबूबाई म्हणाली.

सगळे हसले. भिमाबाईही हसली. छबूबाईनं हसता हसता तिचा हात ओढून बघितला. सोड्यानं बोटांची सालं निघालेली, मध्ये मध्ये लाल भेगा. “अगं ए भवाने, किती घासतीस? टाकीला भोक पाडशील,” म्हणत छबूबाईनं आपल्या पिशवीतली खोबरेलाची बाटली काढून तिच्या ओंजळीत ओतली. आणि लगेच म्हणाली, “टाकीला हात लावायच्या आधी धू बरं का, न्हाईतर तेलाचाबी आकडा येईल.”

यशोधरा चहा न पिताच आत गेली. खंडेनवमीचं नाव निघालं की तिला कसंतरी व्हायचं. त्या दिवशी टाकी, पंप, वजनकाटा, सगळ्यांना हळदकुंकू लावून झाल्यावर साहेबांनी मास्तरला पाटावर बसवलं होतं. “उघडा त्याचं तोंड, नैवेद्य दाखवू,” असं म्हणाले होते, आणि अक्षतांचं ताट हिच्यासमोर धरलं होतं, “बाई, तुमचं मशीन, पहिला मान तुमचा.” तिच्या घरी हे काही करत नव्हते, आजोबांच्या पिढीपासून नाही. पण पंधरा माणसं बघत होती. तिनं चार दाणे उचलले, झटकन टाकले आणि हात साडीला पुसला. घरी सांगितलं नाही.

दुपारी ती सांगितल्याप्रमाणे टाकीशी उभी राहिली. भिमाबाई कंबरेपर्यंत टाकीत वाकून घासत होती. गरम पाणी, सोडा, परत पाणी, परत सोडा. घासून घासून टाकीत तोंड दिसायला लागलं. चार वाजता दूध उतरवायच्या ओट्यावर, उघड्या पश्चिमेकडून ऊन थेट आत यायचं. त्या उन्हात यशोधरानं काडी फिरवली, नळी आत घातली, झाकण टक् करून बसलं.

चारशे बारा.

तेवढ्यात बन्सी कॅन मोजायला मध्ये येऊन उभा राहिला. त्याची सावली तिच्या हातावर पडली. काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं तीच नळी तशीच ठेवून पुन्हा बटण दाबलं. नव्वद.

“बन्सीभाऊ, बाजूला व्हा.” चारशे वीस. “परत या.” अठ्ठ्याऐंशी.

“म्याडम, मी काय दार हाय का, उघडझाप कराय?”

“तुमची घोंगडी कुठंय?”

भर दुपारी, चौदा कॅनवाल्यांच्या देखत, बी.एस्सी. झालेली बाई वॉचमनची घोंगडी डोक्यावरून घेऊन ओट्यावर उकिडवी बसली. कुणी विचारलं, घाम काढायचाय का. कुणी विचारलं, अंगात आलंय का. आत लोकरीच्या आणि विडीच्या वासात तिनं आकडा वाचला. सहा.

ती तशीच, केस विस्कटलेले, केबिनमध्ये गेली. “साहेब, झाकण नीट बसत नाही. कुठूनतरी ऊन आत शिरतंय, आणि मशीन त्या उन्हाचाच आकडा सांगतंय. पहाटे अंधार असतो, म्हणून छबूबाई पास होतात. केबिनमध्ये अंधार आहे, म्हणून शून्य येतं. घोंगडीखाली सहा आला, साहेब. सहा!”

साहेबांनी चष्मा काढला. “आता कंपनीला लिहू का, की आमची टाकी घोंगडीखाली पास आहे?”

“मला फक्त झाकण उघडून बिजागरी बघू द्या.”

“सील तुटलं तर कोण भरणार? दिवाळीनंतर माणूस येतोय ना. आणि...” त्यांनी आवाज खाली आणला. “तुम्ही हुशार आहात. पण लोक काय म्हणतील, ते तुम्हाला कळतं. तुमच्याच माणसासाठी तुम्ही मशीन खोटं पाडताय म्हणतील.”

यशोधरानं मशीन देवीच्या फोटोखाली ठेवलं आणि श्रीगोंद्याची एस.टी. पकडली. त्याच संध्याकाळी तीन नापासांचा कागद पुण्याला फॅक्स झाला. नाव: भिमाबाई. शेरा: हलवण्यात आले.

गुरुवारी भिमाबाई आवारात झाडू घेऊन उभी होती. तिचाच जुना झाडू होता, ती टाकीवर गेल्यापासून कोपऱ्यात ठेवलेला. दुपारची टाकीही छबूबाईनंच धुतली. चार वाजता यशोधरानं काडी फिरवली, ऊन तसंच आडवं आलेलं, झाकण टक् करून बसलं.

तीनशे एकतीस.

छबूबाईनं वाकून आकडा बघितला. तिला आकडे येत होते.

“मशीन बिघडलंय,” ती म्हणाली.

“बिघडलंय!” कॅनवाले म्हणाले.

“वीस वर्सं भांडी घासत्येय मी! ह्याच्या आयला, मला नापास करतोय?”

साहेब स्वतः धावत आले. आकडा बघितला, छबूबाईकडं बघितलं, आणि म्हणाले, “यशोधराबाई, जरा ती बिजागरी उघडून बघा बरं. काहीतरी अडकलं असणार.”

यशोधरानं त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी टाकीकडं बघितलं.

तिनं केसातली पिन काढली. बिजागरीच्या खाचेत, झाकणाच्या अगदी मुळाशी काहीतरी टणक लागलं. दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा तळहातावर पडलं. तांदळाचा अर्धा दाणा, कुंकवानं लाल झालेला. सील होतं तिथंच होतं, त्याला पिन लागलीसुद्धा नव्हती.

तिनं तीच नळी परत आत घातली. भर उन्हात आकडा आला, अकरा.

“बघा!” छबूबाई म्हणाली. मग तिलाच काहीतरी आठवल्यासारखं झालं, तिनं आवारातल्या झाडूच्या आवाजाकडं मान वळवली आणि ब्रश धुवायला लागली. धुतलेलाच ब्रश.

राधाकृष्ण साहेबांनी तो दाणा चिमटीत घेतला, कपाळाला लावला आणि केबिनमध्ये देवीच्या फोटोपुढं ठेवून आले. यशोधरा त्यांच्या मागोमाग गेली.

“साहेब, पुण्याला परत लिहायला पाहिजे. ते तिन्ही आकडे चुकीचे होते.”

“काय लिहायचं? पूजा केली म्हणून मशीन बिघडलं? कंपनी आपल्याला काय समजेल? मशीन काढून घेतील, दूधही बंद करतील.” ते खुर्चीत बसले, आणि खरंच थकलेले दिसले. “आजच्या आकड्यापुढं लिहा, मशीनमध्ये बिघाड होता, दुरुस्त केला. भिमाबाईचं पुढच्या सालात बघू. गेलेला कागद गेला.”

“तो दाणा मी टाकला असेल, साहेब.”

“सगळ्यांनीच टाकले होते,” ते म्हणाले. त्यांना वाटलं, ते तिला धीर देताहेत.

आवारात भिमाबाई लिंबाचा पाला गोळा करत होती. यशोधरानं तिला सगळं सांगितलं. दाणा, ऊन, घोंगडी, छबूबाईचे तीनशे एकतीस. शेवटी स्वतःचे चार दाणेही सांगितले. भिमाबाई झाडूच्या दांड्यावर हनुवटी टेकवून ऐकत राहिली.

“तांदूळ व्हता व्हय,” ती म्हणाली. “मला वाटलं हुतं माज्या हातातच काय हाय. दोन रात्री वास घेऊन बघितला. माती लावली, राख लावली. नातवाला भरवलंसुदिक न्हाई, सुनेला सांगितलं, तू भरव.”

“मावशी...”

“आता नीट झालाय नव्हं मास्तर?”

“झालाय.”

“मग माजा हात बघ त्यात.” तिनं झाडू बगलेत मारला आणि उजवा तळहात पुढं केला. सोड्यानं सोललेला, खोबरेलानं चमकणारा. “टाकी नगं मला. पुन्यालाबी लिहू नगं. नुसता मला आकडा सांग, मी घरी जाते.”

मशीन यशोधराच्या हातातच होतं. एप्रनच्या खिशात एक काडीही होती. पण तिला ठाऊक होतं काय येईल ते. श्रावणात मशीन आलं तेव्हा पहिल्या दिवशी तिनं स्वतःचा धुतलेला हात तपासून बघितला होता, मग गंमत म्हणून साहेबांचाही. तिचा चार हजारांवर गेला होता, साहेबांचा सहा हजारांवर. माणसाच्या कातडीवर काडी फिरवली की मशीन बोंबलतंच, मग ती कुणाचीही असो.

“ह्यात हात पास होत नाही, मावशी. कुणाचाच नाही. जित्या माणसाचा होतच नाही. माझाही नाही झाला.”

भिमाबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. पोरगी आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतेय की काय, हे बघावं तसं.

“साहेबाचा?”

“माझ्याहून जास्त.”

“आनि छबूचा?”

“बघितला नाही. पण येईल तसाच.”

“व्हय व्हय,” भिमाबाई म्हणाली. पटलं की नाही ते कळलं नाही. पुढं केलेला हात थोडा वेळ तसाच राहिला, मग तिनं तो लुगड्याला पुसला, एकदा, आणि परत एकदा, आणि खाली वाकून पाला गोळा करायला लागली.

ओट्यावर कॅन उतरायला लागले होते. छबूबाईनं हाक मारली, “म्याडम, लिहा की तुमचं, दूध थांबलंय!” यशोधरा आत गेली. रजिस्टर उघडलं. वेळ चार पंधरा, आकडा अकरा, पास. पुढच्या रकान्यात टाकी धुणाऱ्याचं नाव लिहायचं होतं. वर दुपारच्या तीन ओळींत तिच्याच अक्षरात भिमाबाई, भिमाबाई, भिमाबाई लिहिलेलं होतं, आणि कंपनीच्या रजिस्टरात खाडाखोड चालत नव्हती.

तिनं छबूबाई लिहिलं. बाहेर झाडूचा आवाज येत होता.