दोन वाक्यांच्या मध्ये

ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही महिने जिने चढायचे नाहीत, वजन उचलायचं नाही असं बजावलं, तेव्हा उभं आयुष्य लिफ्टच्या दुरुस्तीत घालवलेला हा माणूस घरात बसून करणार काय, याचाच मला घोर लागला होता. पुस्तकांशी त्यांचा संबंध आजवर, मी वाचत पडले असताना "दिवा कधी मालवणार?" असं विचारण्यापुरता. त्यामुळे एका सकाळी माझ्या कपाटापुढे उभं राहून त्यांनी "यातलं सोपं कुठलं?" असं विचारलं, तेव्हा मला आनंद लपवता आला नाही.

त्यांना मी आमच्या वाचनगटातही घेऊन गेले. गट म्हणजे चारच माणसं. भूगोलाच्या बाईंच्या पुढच्या खोलीत महिन्यातून एका रविवारी सकाळी जमायचं, चहा घ्यायचा आणि मधल्या काळात काय वाचलं, कसं वाटलं ते सांगायचं. बाईंना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण भिंतीवरचा जगाचा नकाशा आणि आवाजातली जरब दोन्ही शाबूत होती. बाकी आम्ही तिघं : कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे केमिस्टच म्हणत; माझी धाकटी जाऊ; आणि चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासणारी मी.

वर्षाच्या पहिल्या बैठकीत प्रत्येकानं आपला संकल्प सांगायचा, अशी रीत होती. केमिस्टनी अर्धवट सोडलेली जाडजूड पुस्तकं पुरी करण्याचा नेहमीचाच संकल्प नेहमीच्याच गांभीर्यानं सोडला. जाऊ म्हणाली, "झोप न लागता एक प्रकरण. त्याहून जास्त मी स्वतःकडून मागत नाही." मी म्हणाले, दुसऱ्याचं मत कानावर पडण्याआधी आपलं मत पक्कं करायचं. ह्यांची पाळी आली तेव्हा ते जरा संकोचले.

"जमेल तेवढं वाचीन," ते म्हणाले, "पण हातात घेतलेलं शेवटपर्यंत."

पुढच्या बैठकीला त्यांनी एका जहाजावरच्या आचाऱ्याच्या आठवणी वाचून आणल्या होत्या. ते पुस्तक मीच त्यांना दिलं होतं, कारण त्यात भट्ट्या, वाफ, बिघडलेले पंप असं त्यांच्या जिव्हाळ्याचं बरंच काही होतं. ते छान बोलले. यंत्रांबद्दल लेखकानं थापा मारलेल्या नाहीत, एवढं प्रशस्तिपत्रकही देऊन टाकलं. मग कपातला चहा ढवळत म्हणाले, "फक्त ती बाई कोण, ते काही कळलं नाही."

"कुठली बाई?" मी विचारलं. त्या जहाजावर औषधालाही बाई नव्हती.

"स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेली. पाठमोरी."

जाऊ खुदकन हसली. "भाऊजी, पहिल्याच पुस्तकात बाई शोधलीत?" सगळेच हसले, तेही हसले, आणि विषय तिथंच संपला. घरी येऊन मी ते पुस्तक पुन्हा चाळलं. बाई नव्हती. औषधांमुळे माणसाला कसले कसले भास होतात असं मी ऐकून होते, म्हणून गप्प बसले.

त्यानंतर त्यांनी वाचलं ते मधमाश्या पाळण्यावरचं माहितीपर पुस्तक. त्याबद्दल सांगतानाही, पोळ्याची उष्णता माश्या कशी राखतात हे कौतुकानं सांगून झाल्यावर, त्यांनी सहज म्हणावं तसं म्हटलं, "या खेपेला ती थोडी वळली आहे. कान दिसतो तिचा. कुणीतरी बोलतंय ते ऐकत असावी."

या वेळी जाऊ हसली नाही. भूगोलाच्या बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मला वाटलं, मलाच तसं वाटतंय," त्या हळूच म्हणाल्या. मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. बाईंनी त्या महिन्यात वाचलं होतं ते वाळवंटातलं प्रवासवर्णन, म्हणजे मधमाश्यांशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

"थट्टा करताय का माझी?" मी विचारलं.

केमिस्टनी मान खाली घालून बिस्किटाचा चुरा तळहातावर गोळा केला आणि बराच वेळ तो तसाच धरून ठेवला.

मी ह्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. तपासण्या झाल्या. सगळं उत्तम आहे असं सांगून डॉक्टरांनी "आणि तुमची झोप कशी आहे?" असं मलाच विचारलं. मग उरला माझ्या हातातला उपाय. दुकान दुपारी रिकामं असतं, त्या वेळी मी ह्यांना खुर्चीत बसवलं, दोन्ही डोळे नीट तपासले, आणि जवळचं वाचायला देतो ते कार्ड त्यांच्या हातात ठेवलं. त्या कार्डावर एक साधा परिच्छेद आहे : टेकडीवरचं घर, घरामागची विहीर, विहिरीपाशी उभं असलेलं एक झाड. इतक्या गिऱ्हाइकांच्या तोंडून मी तो ऐकला आहे की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

"मोठ्यानं वाचा," मी म्हणाले.

त्यांनी टेकडी वाचली, घर वाचलं. विहीर आली, वाक्य संपलं, आणि ते थांबले. श्वास घ्यायला थांबावं तेवढंच, पण किंचित जास्त. त्यांची नजर कार्डावरून हलली नव्हती. उलट ती ओळीवरून सरकावी तशी डावीकडून उजवीकडे जात होती आणि पुन्हा डावीकडे येत होती. मग त्यांनी झाडाचं वाक्य वाचलं आणि कार्ड खाली ठेवलं.

"मध्ये का थांबलात?"

"कुठं थांबलो?"

"विहिरीनंतर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझ्याविषयीची काळजी होती, आणि तीच मला सहन होईना. "अगं, वाचलं ना आत्ता," ते म्हणाले. "इथंही आहे ती. विहिरीच्या काठावर बसली आहे."

मी कार्ड हिसकावून घेतलं. विहिरीच्या वाक्यानंतर पूर्णविराम होता, आणि पूर्णविरामानंतर झाड.

त्या दिवसापासून माझं लक्ष शब्दांवरून उडालं आणि शब्दांमधल्या जागेवर जाऊन बसलं. गिऱ्हाईक कार्ड वाचू लागलं की मी त्याचे थांबे मोजायचे. बहुतेक जण सरळ वाचून जायचे. एखादं गिऱ्हाईक मात्र विहिरीपाशी रेंगाळायचं आणि कार्ड परत देताना माझ्या चेहऱ्याकडे जरा निरखून पाहायचं.

पुढच्या बैठकीला मी जाणारच नव्हते. पण न जाणं म्हणजे ह्यांना तिथं एकटं पाठवणं, आणि माझ्या पाठीमागे चार माणसं काय बोलतील ते न कळणं. मी गेले. या खेपेला संकल्पांचं कुणी काढलं नाही. कुणाचं किती वाचून झालं, याची नेहमीची चढाओढही नव्हती. भूगोलाच्या बाईंनी एक कादंबरी उघडली आणि, "हा भाग सगळ्यांनी ऐकावा असं मला वाटतं," असं म्हणून वाचायला सुरुवात केली. एका बापलेकीचा प्रसंग होता. बाईंचं वाचन आधीच सुरेख, त्यात वर्गावर शिकवून तयार झालेला आवाज. लेक दाराशी येऊन उभी राहिली, असं वाक्य त्यांनी वाचलं, आणि त्या थांबल्या.

खोलीत कुणी हललं नाही. मी वाट पाहत होते. बाईंचे डोळे पानावरून फिरत होते, ओठ मिटलेले होते. केमिस्टनी एकदा सावकाश मान डोलावली. जाऊनं पदराचं टोक तोंडाशी नेलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. हे पुढे झुकून, हातांची बोटं एकमेकांत गुंतवून ऐकत होते, ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांचं बोलणं ऐकताना बसले होते तसे. बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवून ठेवली. स्टोव्हवरच्या चहाला उकळी आली आणि तो उतू जाऊ लागला तरी कुणी उठलं नाही. मीच उठून तो बंद केला, आणि परत आले तेव्हा सगळे माझ्याकडे पाहत होते.

बाईंनी पुढचं वाक्य वाचलं. बापानं लेकीला आत ये म्हटलं.

"काय झालं मध्ये?" मी विचारलं. "काय म्हणाली ती?"

जाऊनं माझा हात धरला. ही बया एरवी रडण्याच्या प्रसंगीही चावटपणा सोडत नाही. "काही म्हणाली नाही, ताई. अजून नाही. पण बोलायला तोंड उघडलंय तिनं." मग हात न सोडता तिनं विचारलं, "तुम्हाला कशाचा त्रास नाही ना? म्हणजे, असला तर सांगायचा."

घरी येताना हे फाटकापाशी आल्यावर म्हणाले, "काही दिवस वाचायचं बंद करू या का आपण?"

"तुम्ही करा," मी म्हणाले. "मी का करू?"

मला राग आला होता, आणि त्या रागातच मी ठरवलं की जे दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येत नाही ते आपल्याच तोंडून तपासायचं. त्याच दुपारी मी बाजारातून बर्फाच्या नद्यांवरचं एक नवं कोरं पुस्तक आणलं, ज्याला घरात कुणाचा हात लागलेला नव्हता. हे खिडकीपाशी बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. समोर चहाचा कप ठेवून मी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "ऐका. मी वाचते. कुठं थांबले तर सांगा."

"नको गं," ते म्हणाले. मी ऐकलं नाही.

प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून मी एक अख्खं पान वाचलं. बर्फ साठतो कसा, दबतो कसा, आपल्याच वजनानं सरकू कसा लागतो, हे सगळं सलग, एका वाक्यावरून लगेच दुसऱ्यावर जात, जवळजवळ दम न घेता. कुठंही थांबले नाही. शेवटचा पूर्णविराम आला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि जिंकल्यासारखंही. मी मान वर केली.

खिडकीतलं ऊन गेलं होतं. चहावर जाड साय धरली होती. माझा घसा कोरडा पडला होता, आवाज बसण्याच्या बेतात होता. सगळ्या कपड्यांच्या घड्या कधीच घालून झाल्या होत्या, आणि हे त्या ढिगावर दोन्ही हात ठेवून, माझ्याकडे न पाहता बसले होते.

"इतकी वर्षं," ते म्हणाले, "हे सगळं मनात ठेवून तू माझ्या शेजारी झोपत होतीस?"