ढगाचे दोर

आमच्या फ्लॉरेन्समध्ये दरबारी नाट्यखेळाचं चित्र खेळाच्या आधीच छापून तयार असतं. खेळ संपला की पाहुण्यांच्या हाती ते पडायला हवं ना! म्हणून माझे बाबा, विएरी, दरबारी स्थपतीच्या आराखड्यावरून मेण लावलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईनं रंगमंचावर उतरणारा ढग काढतात, पत्रा तेजाबात बुडवतात आणि छापतात. उभ्या आयुष्यात त्यांनी एकही खेळ पाहिला नव्हता. कारागिराला आत घेतो कोण?

माझा चेक्को मामा तो ढग दोरांवर खाली सोडणाऱ्या चाकांचा सुतार. तो बाबांना कायम छळायचा. "भावोजी, तुमचा ढग आपला हवेत तरंगतो! अहो, माझ्या मनगटाएवढे दोर असतात त्याला. जन्मभर तांब्यावर थापा मारल्यात तुम्ही."

बाबा हसण्यावारी न्यायचे. पण डोळे अधू होऊ लागले, तसं ते बोलणं त्यांना लागून राहिलं. एक दिवस ते म्हणाले, "चेक्को, डोळे जायच्या आत एकदा बघू दे. थापा असतील तर कळू देत तरी."

मामाचा चेहरा उतरला. ड्यूकच्या लग्नाच्या खेळाला त्यानं आम्हा दोघांना नाट्यगृहाच्या माळ्यावरच्या जाळीमागे बसवलं.

"टेसा, मला सगळं धूसर दिसतं," बाबा कुजबुजले. "दोर तू बघ. आणि खरं सांग, माझं मन राखू नकोस."

मी डोळे ताणून बसले. आभाळ उघडलं. आतून उजळलेला तो ढग डोलत, फुगत आमच्या समोरून खाली उतरू लागला, आणि त्यात बसलेली देवी गात होती. खालचे सरदार आ वासून उभे राहिले. माझ्या अंगावर काटा आला. मी रडत होते आणि का ते कळत नव्हतं. इतकं सुंदर काही माणसांच्या हातून होतं, आमच्या चेक्को मामाच्या हातून!

जिना उतरताना बाबांनी माझा दंड धरला. "बोल. दिसले दोर?"

"बाबा... बघायचेच राहिले हो."

"म्हणजे?"

"ढग आला आणि मी विसरूनच गेले."

बाबा पायरीवरच थांबले. खाली दारात एक म्हातारा सरदार बाबांनी छापलेलंच चित्र बायकोला दाखवत होता. "अगदी अस्साच होता बघ!"

एवढ्यात मामा घाम पुसत आला. "काय भावोजी, दिसले का माझे दोर?"

बाबांनी त्याचे सोललेले तळवे आपल्या हातांत घेतले. "एवढे जाड दोर, चेक्को," ते म्हणाले, "आणि एकालाही दिसले नाहीत रे!"